आधी लिफ्ट, मग आठ डॉलर

हे लिहायचं धाडस करतोय त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. घरात कागद-पेन निघायचं ते अर्ज लिहायला, आणि प्रत्येक अर्जाच्या शेवटी 'आपला नम्र' असायचं. आठवणी लिहाव्यात त्या मोठ्या माणसांनी, ज्यांच्या आयुष्यात काही घडलं आहे अशांनी, असं मला अजूनही वाटतं. माझ्या बाबतीत घडलं ते एवढंच, की अमेरिकेत शिकत असताना एका संध्याकाळी मला माइकसमोर तीन मिनिटं मिळाली आणि त्यातली निम्मी मी फुकट घालवली. पण त्या तीन मिनिटांत जे सांगायचं होतं ते माझं नव्हतं, एका बाईंचं होतं. ते कुठेच नीट उतरवून घेतलं गेलं नाही, म्हणून मी लिहितोय. चुकलंमाकलं तर जरूर सांगा. लिहू नकोस असं मात्र सांगू नका.

२००६ साली मी न्यूयॉर्कला एम.एस. करायला गेलो. विषय वाहतूक. गाड्या कुठून येतात, कुठे जातात, सिग्नलला किती वेळ थांबतात, रस्ता रुंद केला की गर्दी कमी होते की वाढते, असल्या गोष्टी. क्वीन्समध्ये एका मराठी घरात मागची खोली भाड्याने मिळाली. काका नागपूरचे, काकू इचलकरंजीच्या, आणि त्यांची चौदा वर्षांची मुलगी, जिला मराठी सगळं समजायचं पण जी उत्तर इंग्रजीतच द्यायची. नात्यानं कुणी कुणाचं नव्हतं. पण पहिल्याच आठवड्यात काकूंनी माझ्या शर्टची उसवलेली कॉलर न विचारता शिवून ठेवली आणि त्यानंतर मी भाडेकरू राहिलो नाही.

काका मॅनहॅटनमधल्या एका पार्किंग गॅरेजमध्ये कामाला होते. लोकांच्या गाड्या आत नेऊन लावायच्या, बाहेर काढून द्यायच्या. त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या जुन्या व्हॅनला तिथे एक कोपरा मिळायचा. रोज सकाळी सव्वासातला काका-काकू व्हॅननं निघायचे, पूल ओलांडून शहरात शिरायचे. त्या पुलाला टोल नव्हता. काका काकूंना त्यांच्या दुकानाशी सोडायचे आणि दोन गल्ल्या पुढे गॅरेजला जायचे. मला कॉलेजला जायचं असलं की मी मागच्या सीटवर बसायचो. पुढे काकू मांडीवर डबा घेऊन बसलेल्या असायच्या आणि काकांना कुठली लेन धरायची ते सांगायच्या. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, पण लेन त्यांची बरोबर असायची.

काकूंचं दुकान म्हणजे विकायचं दुकान नव्हे. नव्या फॅशनच्या कपड्यांचे पहिले नमुने तिथे शिवायचे. कुणीतरी कागदावर चित्र काढून आणायचं आणि या बायकांनी ते कापडात उतरवायचं. काकूंचं शिक्षण आठवी. इचलकरंजीत त्या ब्लाउज शिवायच्या. इथे त्यांची ख्याती होती ती बाही बसवण्यात. बाही जिथे जोडतात त्या मुंढ्याचा घेर जरा चुकला की अंगात घातल्यावर खांदा ओढतो, हात वर होत नाही. असा चुकलेला नग आला की दुकानातले सगळे काकूंच्या टेबलाशी यायचे.

"इथे मी कुणाची बायको नाही, कुणाची आई नाही," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "इथे मुंढा चुकला की मला बोलावतात. बस्स."

त्यांच्या गुडघ्यांना संधिवात होता. सपाट रस्त्यावर त्या काकांच्या पुढे चालायच्या, पण पायऱ्या म्हणजे संकट. आमच्या भागातली ट्रेन रस्त्याच्या डोक्यावरून, लोखंडी खांबांवरून जाते. स्टेशनला बावन्न पायऱ्या. लिफ्ट नाही, सरकता जिनाही नाही. बस होती, पण ती वाटेत बदलावी लागायची, दीड तास जायचा, आणि थंडीत काकूंनी थांब्यावर उभं राहणं काकांना मान्य नव्हतं. म्हणून व्हॅन.

२००७ मध्ये बातमी आली. शहराच्या महापौरांनी ठरवलं होतं की मॅनहॅटनच्या गजबजलेल्या भागात दिवसा गाडी घेऊन शिरायचं तर आठ डॉलर द्यायचे. गर्दी कमी होईल, धूर कमी होईल, आणि जमलेल्या पैशातून ट्रेन आणि बस सुधारतील. अजून काही पक्कं नव्हतं. आधी लोकांचं म्हणणं ऐकायचं, मग शहराच्या कौन्सिलनं हो म्हणायचं, मग राज्याच्या विधानसभेनं.

आम्ही जेवत होतो. टीव्हीवर ते सांगत होते तेव्हा काकांनी घास तसाच ठेवला.

"ऐकलं का बे? आपल्याच गावात जायला आठ डॉलर. रोज!"

मी हळूच म्हणालो, "काका, लंडनमध्ये घेतात तसे. तिथे गर्दी कमी झाली म्हणतात. धूर पण..."

"लंडनमध्ये राणी पण आहे. आणायची का इथं?" काका म्हणाले. "आणि माझी गाडी धूर सोडते? दर वर्षी तपासून स्टिकर लावतात काचेला. जा, बघून ये."

"इट्स फॉर द एन्व्हायरन्मेंट, बाबा," मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली.

"एन्व्हायरन्मेंट येतं का तुला क्लासला सोडायला?"

काकू पुढच्या पोळीला तूप लावत होत्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज एकदम मऊ केला. "हे आलं तर गाडी घरी उभी. मी ट्रेननं जाईन. तू आता घरी बस. पुष्कळ केलंस तू."

ते प्रेमानंच बोलले होते. तेच वाईट होतं. काकूंनी काकांपुढचं ताट उचललं, अर्धी पोळी शिल्लक असताना.

"घरी बसायला मी काय सोफा आहे?"

त्या रात्री मला कळलं की या घरात आठ डॉलरचा प्रश्न आठ डॉलरचा नाही. काकूंनी कामावर जायचं की नाही, हा आहे. आणि तो ठरवणार होते ते लोक काकूंना ओळखत नव्हते.

माझी अडचण वेगळीच होती. मला ती योजना पटत होती. आमचे प्रोफेसर तिच्या बाजूनं होते आणि ते काही श्रीमंतांचे वकील नव्हते. चांगला माणूस, सायकलनं यायचे, आम्हा परदेशी मुलांना थँक्सगिव्हिंगला घरी जेवायला बोलवायचे. त्यांच्या अभ्यासासाठी आम्ही विद्यार्थ्यांनी आळीपाळीनं पुलाच्या तोंडाशी उभं राहून गाड्या मोजल्या होत्या. हातात खटका असलेलं छोटं यंत्र, गाडी गेली की दाबायचं. बहुतेक गाड्यांत एकच माणूस असायचा. एक माणूस आणि त्याच्याभोवती एवढा पत्रा. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. एका सकाळी मोजताना आमचीच व्हॅन गेली. काकूंनी काचेतून हात केला. मी खटका दाबला.

काकांनी मग मार्ग काढला. मराठी मंडळातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं की अपंगांच्या गाड्यांना यातून सूट मिळणार आहे. काका फॉर्म घेऊन आले. डॉक्टरची सही, काकूंची सही, की व्हॅनला तशी नंबरप्लेट मिळणार. इतकं सोपं.

काकूंनी फॉर्म वाचला. नीट, बोट ठेवून, ओळ न ओळ. मग फळांच्या टोपलीखाली सारला.

"अगं, सही कर ना," काका दुसऱ्या दिवशी म्हणाले.

"मी अपंग नाही."

"कागदावर फक्त."

"कागदावरच तर नाही. सपाट रस्त्यावर मी तुमच्या पुढे चालते. आठ तास मशीन चालवते. मी अपंग नाही, ते स्टेशन अपंग आहे. त्याला लावा पाटी."

"मॉम, इट्स जस्ट अ फॉर्म," मुलगी म्हणाली.

"फॉर्मवर खोटं लिहायचं नसतं. शाळेत शिकवत नाहीत का?"

मी मध्ये पडलो. मला वाटलं मी शिकलेला आहे, मला समजावता येईल. मी म्हटलं, "काकू, त्यात कमीपणा काही नाही. कायद्यात त्याची व्याख्या मोठी असते, डॉक्टर लिहून देतील."

"ज्याला खरंच लागते त्याला मिळू दे की. कमीपणा आहे असं मी कुठे म्हटलं?" काकूंनी सुई दातात धरली होती, ती काढली. "तू वाहतूक शिकतोस ना? मग मला सांग. तो जिना बांधला तेव्हा कुणाचे गुडघे मापाला घेतले होते?"

आमच्या शास्त्रात गुडघे नव्हते. आमच्या शास्त्रात माणूस म्हणजे एक फेरी. घरून कामावर एक, कामावरून घरी एक. पैसे आकारले की काही फेऱ्या गाडीतून ट्रेनमध्ये जातात आणि काही बंदच होतात. गाडी कमी झाली की आकडा सुधारतो. ती फेरी ट्रेनमध्ये गेली की घरात बसली, याचा वेगळा रकाना होता, पण निकाल सांगताना दोन्ही एकत्रच धरायचे. त्या रात्री अभ्यासाला बसलो आणि मला दिसलं की काकू घरी बसल्या तर माझ्या वहीत ते यश म्हणून येईल.

मी तो रकाना बराच वेळ पाहत बसलो.

पुढच्या आठवड्यात प्रोफेसरांनी वर्गात सांगितलं की क्वीन्समध्ये जाहीर सुनावणी आहे, कुणीही नाव नोंदवून तीन मिनिटं बोलू शकतो, आणि तरुणांनी बोलायला हवं. मी नाव नोंदवलं. प्रोफेसरांना वाटलं मी योजनेच्या बाजूनं बोलणार. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या पाठीत थाप मारली. "वा बे! घरात एक शिकलेला आहे, त्याचा उपयोग झाला." त्यांना वाटलं मी विरुद्ध बोलणार. मी दोघांनाही काही बोललो नाही. खरं तर मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, आणि जायचं टाळता येईल का, हेही मी बघत होतो.

रविवारी घरी फोन केला. माझे वडील आमच्या गावच्या नगरपालिकेत जकात नाक्यावर होते. शहरात माल घेऊन येणाऱ्या ट्रकला थांबवायचं, पावती झाली की आडवी दांडी वर करायची. पंचवीस वर्षं त्यांनी ती दांडी वर-खाली केली. मी त्यांना सगळं सांगितलं, आणि त्यांना ते माझ्या प्रोफेसरांपेक्षा लवकर कळलं.

"पावती देतात का?"

"नाही, कॅमेरा फोटो काढणार. घरी बिल येणार."

"दांडी वर कोण करतं?"

"दांडीच नाही."

वडील म्हणाले, "मग भांडायचं कुणाशी? आमच्याकडे ड्रायव्हर खाली उतरायचा, शिव्या द्यायचा, मी ऐकून घ्यायचो. कधी त्याचं बरोबर असायचं, तर साहेबाला सांगायचो. कॅमेऱ्याला काय सांगणार?"

"एक सभा आहे, बाबा. तिथे बोलता येतं."

"माणसं बसलेली असतील समोर?"

"हो."

"मग जा की. परत माणूस कधी भेटेल सांगता येत नाही."

मी भाषण लिहिलं. चार पानं. आता इथे मला एक कबूल करायचं आहे. मला बोलायला शिकवलं ते शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेनं. सातवीत मी तिसरा आलो होतो. आमच्या गुरुजींनी एकच गोष्ट मनावर ठसवली होती, की उभं राहिल्यावर आधी व्यासपीठाला मान द्यायचा. अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग, परीक्षक, आणि माझ्या बालमित्रांनो. त्याशिवाय तोंड उघडलं तर मार्क कापायचे. तेव्हा मी इंग्रजी भाषणाची सुरुवात तशीच केली. घड्याळ लावून वाचलं, तीन मिनिटांत बसलं. पण मी ते मनातल्या मनात वाचलं होतं.

सुनावणी एका कॉलेजच्या सभागृहात होती. संध्याकाळी काका गॅरेजमधून लवकर सुटून आले, काकूंनी दुकानातून रजा घेतली. "मला बघायचंय, कोण आहेत ते," म्हणाल्या. सभागृहाला सात पायऱ्या होत्या. मागे उताराची वाट होती, पण तिकडचा दरवाजा बंद होता आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणाला माहीत नव्हतं. काकांनी हात पुढे केला. काकूंनी कठडा धरला. एक पायरी, दोन्ही पाय, थांबा. दुसरी पायरी, दोन्ही पाय, थांबा. मागे लोक खोळंबले. एकानं घसा खाकरला. काकूंनी वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो घड्याळ बघायला लागला.

आत टेबलामागे मंडळी बसली होती. समोर माइक आणि त्याशेजारी छोटा दिवा. हिरवा म्हणजे बोला, पिवळा म्हणजे आवरा, लाल म्हणजे संपलं. पहिला माणूस उठला तो नमस्कार नाही, नाव नाही, थेट "ही लूट आहे!" म्हणून सुरू झाला. मला धक्काच बसला. दुसरी बाई आली, तिच्या मुलाला दमा होता, तिनं मुलाचा फोटोच वर धरला आणि म्हणाली, मला गाड्या नकोत. तीही थेट. एकामागून एक. पावणेतीन तास आम्ही ऐकत बसलो. विरुद्ध बोलणारे आमच्या डाव्या हाताला टाळ्या वाजवायचे, बाजूनं बोलणारे उजव्या हाताला. प्रोफेसर उजवीकडे होते. काका-काकू डावीकडे, तिसऱ्या रांगेत.

माझं नाव पुकारलं. चुकीचंच पुकारलं, पण मीच होतो.

हिरवा दिवा लागला. मी कागद सरळ केले आणि इंग्रजीत सुरू झालो. सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील आदरणीय सभासद, विद्वान प्राध्यापक, येथे जमलेले वडीलधारे आणि माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो. मग मला ही संधी दिल्याबद्दल आभार. मग माझ्यासारख्या नवख्या विद्यार्थ्यानं एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याचं धाडस केल्याबद्दल क्षमा. मग शहराचे आभार, कारण या शहरानं मला शिकायला जागा दिली. मी एकेक शब्द सावकाश वाचत होतो. टेबलामागचे एक गृहस्थ मान हलवत ऐकत होते. मला वाटलं, छान चाललंय.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून काकूंचा आवाज आला. सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असा, मराठीत.

"अरे, नमस्कार पुरे! मुद्द्यावर ये!"

लोक हसले. काय म्हटलं ते कुणाला कळलं नव्हतं, पण काय म्हटलं ते सगळ्यांना कळलं. मी दिव्याकडे पाहिलं. पिवळा.

पहिलं पानही संपलं नव्हतं. मी चारही पानं घडी करून खिशात घातली. त्यानंतर जे बोललो ते मोडक्या इंग्रजीत बोललो, ते असं होतं.

मी वाहतूक शिकतो. तुमच्या पुलावर मी गाड्या मोजल्या आहेत. गाड्या खरंच फार आहेत आणि त्यांच्याकडून पैसे घ्यावेत, हे मला पटतं. पण आमच्या हिशोबात एखादी बाई कामावर जायची थांबली तर एक गाडी कमी झाली असं धरतात, आणि त्याला आम्ही यश म्हणतो. ती बाई तिथे बसली आहे. तिला चालता येतं, तिला बावन्न पायऱ्या चढता येत नाहीत. तुम्ही तिला म्हणता ट्रेननं ये. ट्रेनपर्यंत कशी येणार? तुम्ही म्हणता, मग अपंग आहे असं लिहून दे. ती अपंग नाही. तुमचं स्टेशन अपंग आहे.

लाल दिवा लागला. अध्यक्ष म्हणाले, "थँक यू." माइक बंद झाला. पुढचा माणूस उठून उभाही राहिला.

त्याआधी आयुष्यात मी कुणाच्या 'थँक यू'ला नाही म्हटलं नव्हतं. मी 'आपला नम्र' वाल्या घरातला. पण मी माइकपासून एक पाऊल पुढे गेलो आणि म्हणालो, माझं झालेलं नाही. अध्यक्ष पुन्हा म्हणाले, "सर, थँक यू." मी म्हणालो, एकच वाक्य राहिलंय. आणि माइकशिवाय, शाळेच्या पटांगणात ओरडावं तसं ओरडलो: "आधी लिफ्ट, मग आठ डॉलर!"

डावीकडच्यांनी 'आधी लिफ्ट'ला टाळ्या सुरू केल्या आणि 'मग आठ डॉलर'ला थांबवल्या. उजवीकडच्यांचं बरोबर उलट झालं. मी जागेवर येईपर्यंत सभागृहात एकच माणूस टाळ्या वाजवत होतं, आणि त्या काकू होत्या.

बाहेर प्रोफेसर भेटले. रागावलेले नव्हते, त्यामुळे जास्त अवघड गेलं. म्हणाले, तुझं बोलणं मनापासून होतं, पण एका व्यक्तीवरून धोरण ठरत नाही, आकडे काय सांगतात ते बघायला हवं. मी म्हटलं, "सर, ती आकड्यांत नाही, तेच तर मी सांगत होतो." सरांना मी उलट बोललो होतो. पण मी ते मागे घेतलं नाही, आणि आजही घेत नाही. ते माझे गाईड राहिले. मी प्रबंधात बंद पडलेल्या फेऱ्यांचा निकाल वेगळा दाखवला. त्यांनी तो दोनदा कापला आणि मी दोनदा परत घातला. तिसऱ्या वेळी त्यांनी तो राहू दिला.

घराशी व्हॅन लावल्यावर काका म्हणाले, "सगळं छान बोललास बे. पण 'मग आठ डॉलर' कशाला? 'आधी लिफ्ट'वर थांबायचं ना!"

"बरोबर बोलला तो," काकू म्हणाल्या. "लिफ्ट दिली तर मी देईन पैसे. मला फुकट काही नको. त्यांच्याकडून पण नको, आणि..." दार उघडून त्या गाडीतून उतरल्या.

हिवाळा गेला. फॉर्म टोपलीखालून निघाला आणि काकूंनी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बाहीचं माप काढलं. मार्च संपताना शहराच्या कौन्सिलनं योजनेला हो म्हटलं. आता फक्त राज्याची विधानसभा राहिली होती. त्याच आठवड्यात मला शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. मुलाखत, मग एका सीनियर मित्राकडे मुक्काम, मग दुसरी मुलाखत. मित्राच्या घरी टीव्ही नव्हता आणि शिकागोकडच्या पेपरात न्यूयॉर्कच्या पुलाचं कशाला काय येणार. मला काहीच कळलं नाही. विचारायला फोन करायचा धीरही होत नव्हता.

शनिवारी सकाळी काकांचाच फोन आला.

"जिंकलो बे आपण! आठ डॉलर कॅन्सल!"

"किती मतांनी?"

"मतं कसली? मतदानच नाही झालं. बंद दाराआड बसले, बाहेर आले, म्हणाले सभागृहात आणतच नाही. खतम! सोमवारीच झालं. मला वाटलं तुला माहीत असेल."

मागून काकूंचा आवाज आला, "द्या इकडे." मग त्या फोनवर आल्या.

"तू नीट सांग मला. नाही कोण म्हणालं?"

"कुणीच नाही, काकू. मतच घेतलं नाही."

"आणि हो?"

"तेही कुणी नाही."

"म्हणजे मी हे गुडघे घेऊन तिथे जाऊन बसले, तू तिथे ओरडलास, ती दम्याच्या पोराची आई आली, आणि यांना हात वर करायला जड झाला? नाही तर नाही म्हणा की तोंडावर!"

मी म्हटलं, "हो, काकू."

"आणि लिफ्ट?"

"ती त्याच पैशातून होईल म्हणत होते." "आता माहीत नाही."

"तुला माहीत आहे. सांग."

"आता नाही होणार."

काका मागे काहीतरी म्हणत होते, गाडी धुवायची आहे, चहा ठेव, असं काहीतरी. काकूंनी त्यांना उत्तर दिलं नाही.

"ऐक," त्या मला म्हणाल्या. "सोमवारी संध्याकाळी हे घरी पेढे घेऊन आले. म्हणाले, बघ, तुझ्यासाठी लढलो, आता जन्मभर सोडतो तुला गाडीनं. मी म्हटलं, जिंकलात ना तुम्ही, मग तुम्हीच बसा गाडीत. मंगळवारपासून मी बसनं जाते. दीड तास लागतो, पण कुणी सोडावं लागत नाही."